व्हॅलेंटाइनला घरची मोची: बेळगावात जमेल का?

अनगोळकर | २ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. डिसेंबरात साखरपुडा झाला, लग्न मे महिन्यात. ती गडहिंग्लजला, मी बेळगावात. यंदा १४ फेब्रुवारी शनिवारी आलाय, मला सुट्टी आहे, भेटायला जाणार आहे. तिला जपानी मालिकांचं वेड. त्यात कुणी ते गोल, पांढरे, गुबगुबीत मोची खाताना दिसलं की लगेच मला स्क्रीनशॉट येतो. तेव्हा विकतचं चॉकलेट आणि टेडी यांना फाटा देऊन घरी मोची करून न्यायचा विचार आहे. आत आख्खी स्ट्रॉबेरी आणि भोवती गोड डाळीचं सारण असतं तो प्रकार, इचिगो दाइफुकू.

मोदकाचं पीठ चालेल का? नसेल तर ते चिकट तांदळाचं पीठ बेळगावात मिळतं का? मायक्रोवेव्ह नाही, मोदकपात्र आहे. स्वयंपाकात मी अगदीच ढ नाही, पोळ्या सोडून सगळं येतं. आईला अजून काही सांगितलेलं नाही.

---

शहापूरची_वहिनी | रात्री ९:५२

आधी आईला सांगा. मोदकपात्र त्यांचं आहे.

---

निपाणीचा_नाना | रात्री १०:०५

कशाला की ओ हा उपद्व्याप! बेळगावचा जावई होणार तुम्ही, अर्धा किलो आपला खव्याचा कुंदा बांधून घ्या, गडहिंग्लजकर खूश. मुलगीपण खूश, सासूपण खूश. आमच्या वेळी १४ तारखेला तंबाखूचा हिशेब असायचा, बाकी काय नव्हतं.

---

अनगोळकर | रात्री १०:११

नाना, कुंदा साखरपुड्याला नेला, संक्रांतीला नेला, मध्ये एकदा उगाच नेला. आता तिचा धाकटा भाऊ मला 'कुंदा भावजी' म्हणतो.

---

चिकोडी_लोकल | रात्री १०:१३

कुंदा भावजी =)) धागा इथेच वसूल.

---

भाताचं_शेत | ३ फेब्रुवारी, सकाळी ७:२०

पिठाबद्दल लिहितो, कारण सगळा खेळ तिथेच आहे. पुढे कितीही मळलं, वाफवलं तरी तांदूळ चुकला की मोची होत नाही.

तांदळाच्या पिठूळपणात दोन प्रकारचे स्टार्च असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात मोकळा, दाणा दाणा सुटा. बासमतीत ते साधारण २० ते २५ टक्के असतं. कमी असेल तर भात चिकट. जपानी लोक मोचीला जो तांदूळ घेतात (मोचीगोमे) त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच, सगळं अमायलोपेक्टिन. म्हणून ते पीठ शिजलं की ताणलं जातं, तुटत नाही. आपल्या मोदकाच्या उकडीला तो ताण येणं शक्य नाही, आणि यायलाही नको, नाहीतर कळ्या पाडणार कशा?

कच्चे दाणे हातात घेऊनही ओळखता येतं. साधा तांदूळ थोडा काचेसारखा, आरपार दिसणारा असतो. चिकट तांदूळ खडूसारखा पांढराशुभ्र. शिजल्यावर बरोब्बर उलटं होतं.

---

आजऱ्याचा_वास | सकाळी ८:०२

मग आमचा आजरा घनसाळ का नको? २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय. भात मऊ, वास तर असा की शेजारी विचारायला येतात. नाहीतर इंद्रायणी घ्या, खानापूर-चंदगडात पोत्यानं मिळतो, चिकट असतोच की.

---

भाताचं_शेत | सकाळी ८:३०

@आजऱ्याचा_वास, घनसाळवर माझं प्रेम तुमच्याइतकंच आहे. पण इंद्रायणी 'चिकट' म्हणजे गरम असताना भाताची मूद छान पडते एवढंच. मोचीला लागणारा चिकटपणा वेगळ्या जातीचा. घनसाळाची मोची केलीत तर वासाची उत्तम उकड मिळेल, आणि गार झाल्यावर ती चिरा पडून फुटेल.

आपल्या देशात तो तांदूळ हवा असेल तर आसामचा बोरा साऊल, नाहीतर मणिपूरचा काळा चाक-हाव. इथल्या कॉलेजांत ईशान्येकडची मुलं असतात, सुट्टीवरून येताना कुणी किलोभर आणला तर सोनं समजा.

---

टिळकवाडी_टपरी | सकाळी ९:४५

साध्या पिठात साबुदाण्याचं पीठ मिसळून मी करून बघितलो. ताण येतोय, खोटं कशाला बोलू. पण तासाभरात रबर झालं. आमच्या कुत्र्यानं एक तोंडात घेतलं आणि अर्धा तास चघळत बसला, बिचारा.

---

कॅम्पातली_काकू | दुपारी १२:१०

अनगोळकर, मी बरीच वर्षं करते. लेक बाहेरून शिकून आली, तिनं मला लावलं. सगळं सांगते, वही घ्या.

पीठ: खडेबाजारात, रविवार पेठेत विचारत फिरू नका. किराणावाले "तांदळाचं पीठ? हे काय!" म्हणून साधं पीठ पुढे करतील. कॅम्पातल्या किंवा गोव्याच्या मोठ्या दुकानांत, नाहीतर ऑनलाइन, थाई पीठ मिळतं. पिशवीवर तीन तोंडांचा हत्ती असतो. त्यात लाल छपाईची पिशवी साध्या तांदळाच्या पिठाची, हिरव्या छपाईची चिकट तांदळाची, निळी टॅपिओकाची. हिरवीच घ्यायची. तिन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात आणि दुकानातल्या पोरांना फरक माहीत नसतो.

जपानी पिठं दोन. मोचीको म्हणजे बारीक दळलेलं. शिराताम्हाको, छे, शिरातामाको म्हणजे तांदूळ भिजवून पाण्यात वाटून, निथळून वाळवलेलं. ते रव्यासारखं खड्या-खड्यांचं दिसतं आणि मोची जास्त मुलायम होते, पण महाग. पहिल्यांदा करताय, हिरवा हत्ती पुरे.

प्रमाण: पीठ १०० ग्रॅम, पाणी १५० मिली, साखर ५० ते ८० ग्रॅम. पाणी थोडं थोडं घालत ढवळा, गुठळी राहू देऊ नका, मग गाळणीतून काढा. स्टीलच्या पसरट डब्यात ओता, मोदकपात्रात ठेवा, झाकणाला कापड बांधा, वाफेचं पाणी आत पडायला नको. १० मिनिटांनी उघडून ओल्या उलथन्यानं तळापासून ढवळा, कडा शिजलेल्या असतात आणि मधे दूध असतं. परत ८-१० मिनिटं. दुधासारखा पांढरा रंग जाऊन थोडं काचेसारखं दिसायला लागलं आणि उलथनं उचललं की जाड तार लोंबली, की झालं. पांढरा ठिपका कुठे दिसला तर कच्चं आहे.

परातीत कॉर्नफ्लॉवर पसरून त्यावर ओता. कॉर्नफ्लॉवर आधी कढईत मंद आचेवर कोरडं भाजून घ्या, कच्चं जिभेला लागतं. जपानात यासाठी बटाट्याचं स्टार्च वापरतात. गरम असतानाच तुकडे करा, २५ ग्रॅमचा एक. हाताला पीठ लावा, पाणी किंवा तूप नको. मधे जाड, कडेला पातळ अशी पारी, सारणाची गोळी मधे, कडा खाली ओढून चिमटायच्या. चिमटलेली बाजू खाली. चिमटायच्या कडेला कॉर्नफ्लॉवर लागलं तर ती चिकटत नाही, तेवढी जागा कोरड्या ब्रशनं झटका.

---

शहापूरची_वहिनी | दुपारी १२:३४

काकू, वहीत लिहून घेतलं. आमच्याकडे बाप्याला कोण करून देतंय, मीच करते आणि मीच खाते.

---

सावगाव_रोड | दुपारी १:१५

एक शंका. जपानात तर १४ फेब्रुवारीला बायका पुरुषांना देतात ना? आणि तेही चॉकलेट.

---

गोकाकचा_धबधबा | दुपारी २:०५

बरोबर आहे. तिथे १४ फेब्रुवारीला बायकांनी द्यायचं. ऑफिसातल्या साहेबाला, सहकाऱ्यांना रीत म्हणून द्यायचं ते 'गिरी-चोको', आणि ज्याच्यावर खरंच जीव आहे त्याला 'होनमेई-चोको', बऱ्याचदा घरी केलेलं. मग महिन्याने १४ मार्चला पुरुषांनी परतफेड करायची, त्याला 'व्हाइट डे' म्हणतात. तो १९८० च्या सुमारास तिथल्या मिठाईवाल्यांनीच काढला. म्हणजे अनगोळकर एक महिना लवकर आणि उलट्या बाजूने चाललेत.

ऑफिसात सगळ्यांना वाटायचा तो गिरी प्रकार अलीकडे तिथल्या बायकांनाही नकोसा झालाय म्हणे. आमच्या हापिसातल्या दिवाळीच्या डब्यांसारखंच की.

---

निपाणीचा_नाना | दुपारी २:२०

१४ मार्चला मुलगी परतफेड करणार असेल तर माझा पाठिंबा. मी कुंद्यावरचा हक्क सोडतो.

---

नको_ती_थेरं | दुपारी ३:४०

लोकहो, आपल्याकडे अनारसे आहेत, मांडे आहेत, गोकाकचा करदंट आहे. हजारो वर्षांची परंपरा सोडून कुठल्या परक्या परंपरेच्या मागे लागताय?

---

भाताचं_शेत | दुपारी ४:०१

मोची जुनी आहे, पण धागाकर्त्याला हवी ती स्ट्रॉबेरीवाली १९८० च्या दशकातली. कुणी काढली यावर तिथल्या कितीतरी दुकानांचा दावा आहे. माझ्यापेक्षा लहान आहे ती. परंपरा कसली!

आणि तुम्ही अनारसे काढलेतच म्हणून: तांदूळ भिजवा, पाणी बदला, ही शिरातामाकोची आणि अनारशाच्या पिठाची पहिली निम्मी वाट एकच आहे. ज्याच्या घरी अनारसे जमतात त्याला बोरा साऊल आणून पीठ घरी करणं अवघड नाही. रात्रभर भिजवायचं, मिक्सरला पाण्यासकट गंध वाटायचं, फडक्यात बांधून टांगायचं. तो ओला गोळाच थेट वापरता येतो, फक्त वरून पाणी कमी घालायचं.

---

खानापूरची_आजी | सायंकाळी ६:१०

नातवाने वाचून दाखवले. आम्ही उखळात पोहे कांडायचो तसे हे लोक भात कांडतात काय?

---

गोकाकचा_धबधबा | सायंकाळी ६:४५

हो आजी. चिकट तांदूळ वाफवून लाकडी किंवा दगडी उखळात घालतात आणि लाकडी हातोड्याने हाणतात. एक जण हाणणार, दुसरा दोन घावांच्या मधल्या क्षणात ओल्या हाताने गोळा उलटणार. ताल चुकला तर बोटं गेली. नवीन वर्षाच्या आधी घरोघरी, शाळांत हा कार्यक्रम असतो. कांडून केलेली ती खरी मोची. आत सारण भरून देतात ती हल्ली बहुतेक काकूंनी सांगितली तशी, पीठ आणि साखर शिजवून. ती जास्त वेळ मऊ राहते.

---

खानापूरची_आजी | सायंकाळी ७:००

आमचं उखळ अंगणात पालथं पडलंय. कोण कांडणार असेल तर या, जेवायला घालते.

---

मच्छे_टू_म्युनिक | रात्री ९:१५

सारणाचं बोला. इथे अझुकीचे लाल दाणे मिळतात, बेळगावात काय घ्यायचं?

---

कॅम्पातली_काकू | रात्री ९:५०

लाल चवळी. अझुकीच्याच कुळातली. जपानातही टोकियोकडे शुभकार्याचा लाल भात करायला अझुकीऐवजी चवळीच घालतात, कारण अझुकी शिजताना फुटते.

१०० ग्रॅम चवळी भिजवा, एक उकळी आणून ते पाणी फेका, तुरटपणा जातो. नव्या पाण्यात बोटानं चिरडेल इतकी शिजवा. घोटून ८० ते १०० ग्रॅम साखर आणि चिमूट मीठ घालून आटवा. पळी उभी राहिली पाहिजे, पुरणाची परीक्षा तीच इथे. गार झाल्यावर गोळ्या करून फ्रीजमध्ये ठेवा, थंड गोळी भरायला सोपी.

---

चिकोडी_लोकल | रात्री १०:०२

आणि कुंदा भरला तर? बेळगाव-टोकियो मैत्री!

---

टिळकवाडी_टपरी | रात्री १०:०८

मी कालच हेच म्हणणार होतो! कुंदा मोची! हे खडेबाजारात विकलो तर लाईन लागेल.

---

कॅम्पातली_काकू | रात्री १०:३०

करून पाहिलंय. वरची पारी गोड, आत कुंदा त्याहून गोड, दुसरा घास जात नाही. शिवाय कुंदा रवाळ, त्याला गोळीचा आकार धरत नाही, खव्याचं तूप सुटून पारी चिमटायच्या जागी उघडते. मोचीच्या पोटात जरा अळणी, कोरडं काहीतरी हवं.

त्यापेक्षा रताळी. शिवरात्रीच्या तोंडावर मार्केटात ढीग लागलेत. वाफवून, किसणीवर किसून, चमचाभर लोणी, दोन चमचे साखर आणि मीठ घालून कढईत कोरडं करा. जपान्यांनाही रताळ्याचं सारण चालतं, नव्हे आवडतं.

---

चिकोडी_लोकल | रात्री १०:४१

शिवरात्रीवरून आठवलं. यंदा शिवरात्र १५ ला, रविवारी. १४ ला शनिवार. मुलगी शनिवार करत असेल तर दोन दिवस उपास, तांदूळ चालत नाही. मोची सोमवारी!

---

अनगोळकर | रात्री ११:०५

तिचा शनिवार नसतो. हे खात्री करायला मला तिला विचारावं लागलं, "तुझा शनिवार असतो का गं?" आता तिला संशय आलाय आणि ती रोज विचारतेय, शनिवारी नेमकं काय आहे.

काकू, तुमच्या पोस्टची प्रिंट काढली. पण एक अडचण राहिलीच. मी सकाळी साडेसातच्या गाडीने निघणार, संकेश्वरला बदलून गडहिंग्लज. घरी पोहोचून चहापाणी, तिचे बाबा, भाऊ, आजी यांच्याशी बोलून डबा उघडेपर्यंत दुपार. तोवर टिकेल?

---

भाताचं_शेत | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:१०

स्ट्रॉबेरी घातलीत तर नाही टिकणार. साखर लागली की फळ पाणी सोडतं, बसमध्ये हिंदकळलं की अजून. तळ भिजून डब्याला चिकटेल. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ऐन हंगामात आहे, मोह होणार हे मान्य. पण ती मोची केल्या दिवशी, केल्या घरीच खायची.

दुसरं, आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवू नका. शिजलेलं स्टार्च ४ अंशांच्या आसपास सगळ्यात लवकर कडक होतं, फ्रीजमधला भात टणक होतो त्याच कारणाने. डीप फ्रीझर मात्र चालतो, झटकन गोठलं की ते कडक होणं थांबतं. म्हणून चवळीची किंवा रताळ्याची मोची शुक्रवारी रात्री करा, एकेक वेगळी गुंडाळून फ्रीझरमध्ये टाका, सकाळी डब्यात भरून निघा. दुपारपर्यंत वितळून मऊ झालेली असेल. या बेताला साखर ८० ग्रॅम घ्या. साखर पाणी धरून ठेवते, मऊपणा टिकतो. जपानात लोट्टे कंपनी १९८१ पासून आइस्क्रीम भरलेली मोची विकते, ती फ्रीझरमधूनही मऊ निघते, त्यातही साखरेचा हात आहेच.

---

कॅम्पातली_काकू | सकाळी ८:२५

+१. आणि स्ट्रॉबेरी वेगळ्या डब्यात न्या, धुऊन पूर्ण कोरड्या करून. तिथे मोचीला वरून कात्रीनं चीर द्यायची आणि स्ट्रॉबेरी अर्धी बाहेर दिसेल अशी खोचायची. तशीही करतात तिकडे, दिसतेही छान.

---

सीमेवरचा_डॉक्टर | सकाळी ९:००

गंमत चालू आहे, मधे एक गंभीर बोलतो. अनगोळकरांनी "आजी" म्हटलं म्हणून. मोची घशात अडकून गुदमरण्याचे प्रकार जपानात दर नवीन वर्षाला होतात, मृत्यूही होतात, बहुतेक ६५ च्या वरचे. टोकियोचं अग्निशमन दल दरवर्षी सूचना काढतं: लहान तुकडे करा, आधी घोटभर पाणी किंवा चहा, नीट चावून खा, म्हाताऱ्या माणसाला एकटं खायला बसवू नका. कवळी असेल तर जास्तच जपायचं. पिठाची मोची कांडलेल्यापेक्षा मऊ असते, पण आजींच्या पुढे आख्खी ठेवू नका. नखाएवढे तुकडे करून द्या, आणि लहान पोरांनाही तसंच.

---

निपाणीचा_नाना | सकाळी ९:१२

बघा! कुंदा खाऊन आजवर कुणी गुदमरलं नाही.

---

शहापूरची_वहिनी | सकाळी ९:२०

नाना, तुमचं कुंद्याचं दुकान आहे काय ओ?

---

निपाणीचा_नाना | सकाळी ९:२२

मेहुण्याचं.

---

गडहिंग्लज_मेन_रोड | सकाळी ११:३०

मी गडहिंग्लजची. डिसेंबरात साखरपुडा, मुलगा बेळगावचा, घरात आजी आणि धाकटा भाऊ, जपानी मालिका. अनगोळकर, मुलगी शिक्षिका आहे काय?

---

अनगोळकर | सकाळी ११:३४

नाही. म्हणजे का?

---

गडहिंग्लज_मेन_रोड | सकाळी ११:३६

काही नाही. आमच्या गल्लीत एका भावजींना कुंदा म्हणतात एवढंच. मी कुणाला काही बोलणार नाही, पण दोन मोची इकडे पोचल्या पाहिजेत.

---

चिकोडी_लोकल | सकाळी ११:३७

मेलो =))

---

सीमेवरचा_डॉक्टर | दुपारी १२:००

हा धागा सीमा ओलांडून गेला एकदाचा.

---

अनगोळकर | ५ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आईला सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच ना?" आणि कपाटातून ब्रश काढून दिला, नवीन, पॅकिंगमधला. हिरव्या हत्तीचं पीठ ऑनलाइन मागवलंय, सोमवारी येणार. या रविवारी तांदळाच्या साध्या पिठावर फक्त पारी-चिमटायचा सराव, सारण चवळीचं. चवळी आई शिजवणार आहे, ती माझ्यावर सोपवायला तयार नाही. होणाऱ्या बायकोसाठी सहा चवळीच्या, चार रताळ्याच्या. आजींसाठी वेगळ्या डब्यात बारीक तुकडे, वर थोडं तिळाचं कूट. दोन मेन रोडच्या ताईंसाठी.

एकच राहिलं, गुलाबी रंग. खायचा रंग घालायचा नाही. बीट?

---

कॅम्पातली_काकू | रात्री १०:००

बीट चालेल पण बेतानं, वाफेवर तपकिरीकडे झुकतो आणि मातीचा वास राहतो. बीट किसून पिळून त्यातला एक चमचा रस १५० मिली पाण्यातच मोजायचा, वरून वाढवायचा नाही, नाहीतर पीठ सैल होतं. दोन-चार थेंब लिंबू टाकलं की रंग बरा टिकतो. माझं मत विचाराल तर निम्म्या पांढऱ्या ठेवा.

---

मच्छे_टू_म्युनिक | रात्री १०:२०

आणि पिशवीत उरलेल्या पिठाचं काय? ४००-५०० ग्रॅमची येते ना ती.

---

कॅम्पातली_काकू | रात्री १०:३५

घट्ट डब्यात, मुंग्या लागू देऊ नका. पाण्यात कालवून सुपारीएवढ्या गोळ्या वळा, उकळत्या पाण्यात सोडा, वर तरंगल्या की मिनिटभर थांबून थंड पाण्यात काढा. वर गुळाचा पाक आणि भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. सोयाबीन नसेल तर फुटाण्याचं चालतं, आमच्याकडे तेच जास्त खपतं.